हातचा हलवा



मराठीत ‘भेट’ हा एकच शब्द दोन कामे करतो. आपण कोणाला भेटतो तीही भेट आणि त्याच्या हाती जे ठेवतो तीही भेटच. ‘मी त्यांची भेट घेतली’ या वाक्यात वस्तूचा संबंध नाही; ‘मी त्यांना शाल भेट दिली’ यात आहे; आणि ‘मंत्रिमहोदयांनी शाळेला भेट दिली’ असे वृत्तपत्रात वाचले, तर शाळेच्या पदरात काही पडलेच असेल असे समजण्याचे कारण नाही. या शब्दाच्या शेजारी आता ‘गिफ्ट’ येऊन बसला आहे. परक्या शब्दांविषयी माझी तक्रार नाही. ‘नजराणा’ फारसीतून आला आणि आपला झाला. शिवाय दुकानात बांधून घेतलेली आणि कुरिअरने परस्पर पोहोचलेली वस्तू, जिच्यात देणारा आणि घेणारा एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत, तिला ‘भेट’ म्हणण्यापेक्षा ‘गिफ्ट’ म्हणणेच अधिक नेमके आहे.

परंतु सणासमारंभाला घरी करून दिल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी आपल्याकडे याहून जुने आणि अधिक नेमके शब्द आहेत. शेतात नवे काही निघाले की शेजारी आणि नातलग यांच्याकडे पाठवायचा तो वानवळा. लग्नकार्यातला तो आहेर. (‘घरचा आहेर’ या प्रयोगाला आपल्याच माणसाने केलेल्या टीकेचा अर्थ कसा आला असेल, हे ज्यांच्या घरात भाऊबंदकी आहे त्यांना सांगायला नको.) आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला आलेल्या स्त्रीच्या हाती ठेवायचे ते वाण. संस्कृतातील ‘वायन’ हे त्याचे मूळ. तेलुगूतले ‘वायनम्’ आणि कन्नडातले ‘बागिन’ ही त्याची भावंडे. या वाणाला जोडून येणारे क्रियापद पाहा. वाण ‘लुटतात’. एरवी लुटणारा दुसऱ्याचे नेतो. इथे लुटणारी आपले देते. एका सणाच्या आवारात शिरताच क्रियापदाने आपला अर्थ उलटा करून घ्यावा, हे मला फार आवडते.

आज मात्र मला लिहायचे आहे ते संक्रांतीच्या हलव्याविषयी आणि त्याच्या दागिन्यांविषयी. नव्या सुनेची पहिली संक्रांत असली किंवा बाळाचे बोरन्हाण असले, की काळ्या वस्त्रावर हे पांढरेशुभ्र दागिने घालतात : तन्मणी, बाजूबंद, बांगड्या, नथ, कंबरपट्टा, बाळाला मुकुट. आता ते बाजारात तयार मिळतात आणि पुष्कळदा देखणेही असतात. आमच्या सांगलीच्या वाड्यात ते माझी आत्या करीत असे.

काटेरी हलवा करणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. साखरेचा पाक करायचा, दुधाचे चार थेंब घालून मळी वर आणायची आणि काढून टाकायची. पितळेची परात मंद निखाऱ्यावर ठेवायची. तिच्यात तीळ, खसखस किंवा दागिन्यांसाठी साबुदाणा पसरायचा आणि त्यावर चमचाभर, अगदी चमचाभरच, पाक सोडून बोटांनी हलवत राहायचे. पाक वाळला की पुढचा चमचा. आच वाढली तर साखरेची भुकटी होते, कमी पडली तर दाणे एकमेकांना चिकटतात. दिवसाला दोन-तीन तास, असे पाच-सहा दिवस गेले की दाण्यावर काटा उभा राहतो. हवा थंड आणि कोरडी हवी. म्हणून आत्या पहाटे चारला उठून परातीपाशी बसे. तिच्या उजव्या हाताची बोटे त्या पंधरवड्यात लाल आणि गुळगुळीत होत.

तिची अशी ठाम समजूत होती की सारखे हलवावे लागते म्हणूनच त्याला हलवा म्हणतात. पुढे मी भाषाविज्ञान शिकले आणि ‘हलवा’ हा गोड या अर्थाच्या अरबी धातूपासून आलेला शब्द आहे, हे मला कळले. मराठी ‘हलवणे’शी त्याचे काही नाते नाही. ज्याला आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो तिचे हे चांगले उदाहरण आहे आणि परीक्षेत तुम्ही ते लिहायला हरकत नाही. मात्र एवढे लक्षात असू द्या की लोकव्युत्पत्ती चुकीची असली तरी निरर्थक नसते. बोलणाऱ्याचा त्या वस्तूशी संबंध कुठे येतो, हे ती सांगते. खाणाऱ्याला हलवा गोड लागतो. करणारीला तो हलवावा लागतो.

दागिने गुंफणे हे त्याहून किचकट. हलव्याच्या दाण्यात सुई जात नाही, दाणा फुटतो. म्हणून दोऱ्याचा फास करून एकेक दाणा त्यात धरायचा आणि गाठ आवळायची. काट्यांमुळे दोरा घसरत नाही. एका तन्मण्याला अशा किती गाठी लागतात हे मी लहानपणी मोजू लागले होते. दोनशेच्या पुढे कंटाळून सोडून दिले.

आत्या सव्विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली होती. वाड्यातल्या आणि गल्लीतल्या प्रत्येक नव्या सुनेचे दागिने तिने केले, पण एकाही सुनेच्या अंगावर तिने ते घातले नाहीत. दागिन्यांचा डबा ती माजघराच्या उंबऱ्यापर्यंत आणी, तेथून दुसरी कोणी सुवासिनी तो उचलून नेई. हळदीकुंकू बाहेर चाले आणि ती आत दूध आटवत असे. तिच्या हातचे चालत असे, तिचा हात चालत नसे. कोणी तिला वाईट शब्द बोलले असेही नाही. सगळे कौतुकच करीत. ‘घरचा हलवा आहे हो, बाजारचा नव्हे,’ असे बायका अभिमानाने सांगत.

या वाक्याकडे जरा व्याकरणाच्या नजरेने पाहा. ‘हलवा घरी केला आहे.’ मराठीच्या या रचनेत कर्ता ‘ने’ प्रत्यय घेऊन येतो आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते; त्यामुळे कर्ता गाळला तरी वाक्य कुठे लंगडत नाही. ‘आत्याने हलवा घरी केला आहे’ यातून ‘आत्याने’ काढून टाका, वाक्य तसेच उभे राहते. ‘घरचा हलवा’ म्हटले की करणारीच्या जागी घर येऊन बसते. घरी केलेल्या भेटवस्तूंविषयी जे हळवे लेखन होते, त्यात मला हीच अडचण दिसते. वस्तूला पैसे पडले नाहीत म्हणून ती प्रेमाची, असे म्हणताना पहाटे चारपासून कोण बसले होते हा प्रश्न गळून जातो. उलट मराठीतच ‘तिच्या हातचा’ असाही प्रयोग आहे आणि तो करणारीला वाक्यात परत आणतो. ‘घरचा’ आणि ‘हातचा’ यांत मी दुसरा निवडते.

१९९५ साली माझी पहिली संक्रांत आली. सासरचा सण ठाण्यात झाला आणि रथसप्तमीच्या आधी माहेरी हळदीकुंकू ठरले. माझे दागिने करताना आत्याने कोणाची मदत घेतली नाही. त्या दिवशी आई तिला म्हणाली, “वन्सं, आज तुम्हीच घाला.” आत्या म्हणाली, “नको वहिनी, पोरीचा पहिला सण आहे,” आणि आत गेली. आईने आग्रह केला नाही. शेजारच्या काकूंनी दागिने घातले. थोड्या वेळाने डाव्या दंडावरच्या बाजूबंदाची एक गाठ सैल झाली. ही माळ अशी असते की एक फास सुटला की पुढचे दाणे ओघळू लागतात. काकूंनी प्रयत्न केला, आईने केला, पण ती गाठ कोणालाच येत नव्हती. शेवटी मी बसल्या जागेवरून हाक मारली, “आत्या, बाहेर ये गं, तुझी गाठ सुटली.” ती आली. भरल्या बैठकीत माझ्या दंडाशी वाकून तिने चार-पाच गाठी नव्याने मारल्या, दोरा दाताने तोडला आणि पदराने हात पुसत पुन्हा आत गेली. दोन बायका पानसुपारी न घेता निघून गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या. आईने त्या वर्षीच्या वाणातली एक स्टीलची वाटी फडताळात वेगळी ठेवली आणि रात्री जेवताना आत्याच्या ताटात मांडली. त्यावर दोघी काही बोलल्या नाहीत. आत्या असेपर्यंत त्या वाटीतून दुसऱ्या कोणाला आमटी मिळाली नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीने, पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. हेरवाड सांगलीपासून फार दूर नाही. आत्या तोवर नव्हती. ठरावाने उंबरा लगेच ओलांडला जातो असे मी मानत नाही. पण ग्रामसभेत हे शब्द मोठ्याने उच्चारले गेले, ते इतिवृत्तात लिहिले गेले, याचे मोल भाषेच्या अभ्यासकाला कमी वाटू नये.

ठाण्याच्या दमट हवेत काटा नीट येत नाही. तरी गेली काही वर्षे आम्ही चौघीजणी गॅसवर तवा आणि तव्यावर परात ठेवून हलवा करतो. चौघींपैकी दोघींचे पती हयात नाहीत. ओळखीत कोणाची पहिली संक्रांत असली की दागिने देतो आणि डब्यात एक चिठ्ठी ठेवतो : पाक कोणी केला, परात कोणी सांभाळली, गाठी कोणी मारल्या. दागिने घालायलाही आमच्यापैकीच एकीला बोलवावे, एवढीच आमची अट असते. तुमच्यापैकी अनेकांना नोकरी, घर आणि अभ्यास सांभाळून असले उद्योग करायला वेळ नसेल. तेव्हा विकतचे दागिने आणा, त्यात काही कमीपणा नाही. घरात कोणी करीत असेल तर मात्र तिला बैठकीत बोलवा.

गेल्या वर्षी एका घरून डबा तसाच परत आला. चिठ्ठी वाचली गेली होती, हे तिच्या घड्या बदललेल्या होत्या त्यावरून कळले. दुसऱ्या घरच्या सासूबाईंचा फोन आला : गाठी ज्यांनी मारल्या त्या बाई संध्याकाळी पाचला येऊ शकतील का? त्या दोघींपैकीच एक होत्या. साडेचारलाच निघाल्या, आणि जाताना पर्समध्ये दोऱ्याचे रीळ टाकून गेल्या.