एकाच रस्त्यावरचे दोन आश्विन

पांढरकवड्याला लागून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 श्रीनगरला सुरू होतो आणि कन्याकुमारीला संपतो. 2010 साली महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, त्याआधी आमच्याकडे तो 7 क्रमांकाचा होता. आम्हाला तो एका बाजूला नागपूरपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला पाटणबोरी, पैनगंगा ओलांडून आदिलाबादपर्यंत पाठ. या रस्त्याचं वरचं टोक कसं असेल, हे कुतूहल लहानपणापासून होतं. पोळा उलटला, कपाशीला बोंडं धरली आणि पहिला वेचा लागायला अवकाश होता, तेव्हा आईला घेऊन निघालो.

निघताना आमच्याकडचं रान भरलेलं होतं. टिपेश्वरच्या टेकड्यांवर गवत अजून हिरवं होतं, पण पाऊस ओसरला की इथं जे होतं ते सुरू झालं होतं. ढग हटतात, ऊन थेट उतरतं, जमिनीतली ओल वर येते, वारा पडतो. ऑक्टोबरात दुपारी पारा 33-34 अंशांवर जातो आणि दमटपणामुळे तो त्याहून जास्त भासतो. चित्रा नक्षत्रातलं ऊन सोसवत नाही, असं आमची म्हातारी माणसं म्हणतात. थंडी म्हणजे आमच्या लेखी दिवाळीनंतरची गोष्ट. सप्टेंबरच्या अखेरीस कुणी लोकरीचं नाव काढत नाही.

नागपूरहून रेल्वेनं जम्मू गाठलं. तिथंही घाम निथळत होता. पुढं उधमपूर, मग 2017 साली खुला झालेला चेनानी–नाशरी बोगदा. 9 किलोमीटरहून लांब. चिनाबच्या खोऱ्यात रामबनला पुन्हा उकाडा. नंतर बनिहाल आणि पीर पंजालच्या पोटातून जाणारा साडेआठ किलोमीटरचा बोगदा. तो संपून काझीगुंडला बाहेर आलो आणि गाडीत सगळ्यांनी एकदम खिडक्या वर केल्या. हवा बदलली होती. समोर पिवळीधमक भाताची शेतं, कापणी सुरू, कडेनं सरळसोट पॉपलर आणि मागं निळ्या डोंगरांची भिंत. काही मिनिटांपूर्वी आम्ही एका ऋतूत होतो, आता दुसऱ्या. एवढ्या अंतरात ऋतू बदलतो, हे वाचलं असतं तर मी मानलं नसतं.

खरा धक्का गुलमर्गला बसला. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,585 मीटरवर, गुलमर्ग सुमारे 2,650 वर, आणि तिथला दोरमार्ग अफरवटच्या अंगाला जवळपास 3,900 मीटरपर्यंत नेतो. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे सकाळी श्रीनगरात जी हवा सोडली, तिच्यापेक्षा दुपारी वर सुमारे 15 अंशांनी थंड हवेत आपण उभे असतो. आमच्याकडे एवढा फरक पडायला वैशाखापासून पौषापर्यंत थांबावं लागतं. वर खडकांच्या फटीत ताजा हिमाचा शिडकावा होता. खाली कुरणांतलं गवत तांबूस झालं होतं. थंडी डोंगरमाथ्यावर आधी येते आणि एकेक पायरी उतरत खोऱ्यात पोचते, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तिच्या पुढं पुढं माणसं उतरत होती. उन्हाळाभर उंच कुरणांवर राहिलेले गुज्जर-बकरवाल मेंढ्या, शेळ्या, घोडी घेऊन जम्मूच्या सखल भागाकडे निघाले होते. घोड्यांवर तंबू, भांडी आणि लहान मुलं. आमच्याकडे काठेवाडी मेंढपाळ चाऱ्याच्या शोधात वऱ्हाडात उतरतात, तसेच हे. फरक इतकाच की यांना वाट दाखवतो तो पाऊस नसून गारवा.

श्रीनगरजवळच्या एका गावात आई एका अंगणापाशी थबकली. भिंतीवर दोऱ्यांत ओवलेल्या वांग्यांच्या फोडी, चटईवर टोमॅटो आणि दुधीच्या चकत्या, बाजूला लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. ती म्हणाली, "अरे, हे तं आपलं वाळवणच व्हय!" वाळवणच होतं. आम्ही ते चैत्र-वैशाखात पावसाळ्यासाठी घालतो, तिथं ते शरदात हिवाळ्यासाठी घालतात. खोरं बर्फानं कोंडलं आणि रस्ता बंद पडला की पूर्वी हीच भाजी घराला तारायची. घरच्या बाईनं आईला हाताला धरून ओट्यावर बसवलं, कांगडी दाखवली. विणलेल्या टोपलीत मातीचं भांडं, त्यात निखारे. चिनारची पानं गळली की ती गोळा करून त्यांचा कोळसा करतात आणि तोच कांगडीत जातो. झाड उन्हाळ्यात सावली देतं आणि हिवाळ्यात ऊब. थंडीचे तर तिथं दिवस मोजलेले आहेत: 21 डिसेंबरपासून 40 दिवसांचं चिल्लई कलां, मग 20 दिवसांचं चिल्लई खुर्द, मग 10 दिवसांचं चिल्लई बच्चा. तीन महिने आधी लोक त्याची तयारी करत होते, पण कुणाच्या चेहऱ्यावर धास्ती नव्हती.

ती का नव्हती, हे शोपियानच्या बागेत समजलं. झाडं लाल सफरचंदांनी वाकली होती, खोक्यांची चळत लागली होती. बागवान म्हणाले, "जनाब, रात गार पडली की रंग चढतो." दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा असला की सालीत तांबडा रंग भरतो. पुढं हिवाळ्यात झाडाला 7 अंशांखालचे साधारण हजार-बाराशे तास मिळावे लागतात, तेव्हा कुठं वसंतात मोहर नीट येतो. तिथं थंडी शेतात राबते.

हे ऐकताना मला आमचं रान आठवलं. ज्या उकाड्याला आम्ही बोल लावतो, त्याच उन्हात कपाशीचं बोंड फुटतं. ते नसेल तर सीतादही घालून पहिला वेचा करायला शेतात काहीच उरणार नाही. त्याच आश्विनात एका टोकाला पीक गारव्यानं रंगतं, दुसऱ्या टोकाला उन्हानं उमलतं. दोघांचं भयही एकच आहे: ऋतूचं अवेळी येणं. 2018 आणि 2019 च्या नोव्हेंबरात तिथं लवकर जड बर्फ पडला, तेव्हा झाडांवर पानं होती. बर्फाच्या भारानं फांद्या मोडल्या, वर्षानुवर्षं वाढवलेल्या बागा उभ्या फाटल्या. आमच्याकडे परतीचा पाऊस फुटलेल्या बोंडावर येतो आणि कापूस काळा पडतो. शेतकऱ्याचं नशीब थंडी किंवा उष्णता ठरवत नाही. ती वेळेवर, टप्प्याटप्प्यानं येते की नाही, त्यावर ते ठरतं.

म्हणून कापूसवाल्या मुलखातल्या माझ्या वाचकांना सांगणं आहे. काश्मीर पाहायचं तर पोळ्यानंतर आणि वेच्याआधीच्या मोकळ्या दिवसांत पाहा. बर्फाचे फोटो पुष्कळ मिळतील. पण थंडी येण्याआधी माणसं किती समजूतदारपणे तिच्या स्वागताला लागतात, ते त्याच दिवसांत दिसतं. स्वेटर सोबत ठेवा, आणि शक्य असेल तर घरातल्या शेती केलेल्या वडीलधाऱ्या माणसाला न्या. त्यांना तिथं आपल्यापेक्षा जास्त दिसेल.