बेटावरची सुशी

टोकियोच्या दक्षिणेला, भर समुद्रात, सुमारे २८७ किलोमीटरांवर हाचिजोजिमा नावाचे एक बेट आहे. सरकारी दप्तरी ते टोकियोतच मोडते. तेथल्या मोटारींच्या पाट्यांवरसुद्धा टोकियोतल्या शिनागावा भागाचे नाव असते. पाटी वाचून कुणाला आपण राजधानीत आहोत असे वाटले तर वाटो. मान वर केली की एका अंगाला ८५४ मीटर उंचीचा हाचिजो-फुजी दिसतो, दुसऱ्या अंगाला ७०१ मीटरांचा मिहारा. या दोन ज्वालामुखींच्या मधल्या सखल पट्ट्यात विमानतळ, शाळा आणि दुकाने दाटीवाटीने बसली आहेत. माणसे सातेक हजार. पाऊस मात्र वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या वर! माझे आजोळ वेंगुर्ल्याचे, त्यामुळे निदान पाऊस तरी मला परका वाटला नाही.

माझी भाची टोकियोत संगणकाच्या कंपनीत नोकरीला लागली, तिथेच तिने लग्न केले, आणि सासूबाई बेटावर एकट्या पडल्या म्हणून ती दोघे तिकडे राहायला गेली. कंपनीचे काम घरबसल्या चालते. २०२३ च्या मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली तेव्हा ताईने मला गाठले. "फोनवर ती सगळं छान आहे म्हणते. तू डोळ्यांनी बघून ये." असल्या कामगिऱ्या मावश्यांच्याच वाट्याला येतात.

टोकियोच्या ताकेशिबा धक्क्यावरून रात्री साडेदहाला बोट सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास बेटाला लागते. बेटाला बंदरे दोन, सोकोदो आणि याएने. बोट कुठे लागणार हे वारा ठरवितो. कधी ती कुठेच लागत नाही आणि आल्या वाटेने परत जाते. बेटावरच्या माणसाचा तांदूळ, पीठ, औषधे, टपाल, सारे या बोटीच्या भरवशावर.

भाची छान दिसत होती. पण दुसऱ्याच दिवशी जेवताना म्हणाली, "मावशी, चहूकडे समुद्र आहे बघ, आणि मनासारखी सुशी म्हणून मिळत नाही!"

टोकियोत तिच्या ऑफिसच्या कोपऱ्यावर एक सुशीचे दुकान होते. तिथल्या चवीची तिला सवय झालेली. इथे बाजारात गेलो तर ट्यूना गोठविलेला, तोही बोटीने आलेला. या समुद्रात किनमेदाई नावाचा लालभडक, सोनेरी डोळ्यांचा मासा मिळतो. त्याला मोठा भाव. मग तो बर्फात बसतो आणि टोकियोच्या तोयोसु बाजाराकडे रवाना होतो. मला यात नवल वाटले नाही. वेंगुर्ल्याची चांगली सुरमई मुंबईला जाते आणि गावात बांगडा उरतो, हे मी लहानपणापासून पाहिले आहे.

बेटाची स्वतःची म्हणून एक सुशी आहे, तिला शिमा-झुशी म्हणतात. शिमा म्हणजे बेट. भाची ती पाहुण्यांना खिलवी, स्वतः मात्र नाक मुरडी. "ती काही खरी सुशी नाही, मावशी." मग ती खाल्ल्याशिवाय मी कशी राहणार? गावातल्या एका लहानशा दुकानात आम्ही गेलो. माशाचे काप सोयाच्या रसात मुरवून काळसर तांबूस झालेले, वर तकाकी. भात किंचित गोड. सोबत सोयाची वाटी नाही, कारण मासा आधीच मुरलेला. एरवी सुशीत मासा आणि भात यांच्यामध्ये वासाबी नावाच्या हिरव्या तिखट मुळाचा लेप असतो. इथे त्या जागी पिवळी मोहरी! पहिला घास तोंडात गेला आणि झणका थेट नाकात. डोळ्यांतून पाणी काढीत मी म्हटले, "अगं, ही तर आपली फेसलेली मोहरी!"

आणि ती खरोखरच आपली राई आहे, त्याच जातीची. पूड पाण्यात घोटून थोडी ठेवायची, की तिचा झणका जागा होतो. आपल्याकडे ती लोणच्यात जाते, तिकडे माशाखाली. वासाबीला थंड, वाहते पाणी लागते. ते या बेटावर नव्हते म्हणून मोहरी आली. हवा उबदार, म्हणून मासा टिकवायला सोया आला. १९०० साली हाचिजोची काही माणसे ओकिनावाच्या पूर्वेकडील मिनामी-दाइतो या ओसाड बेटावर वस्ती करायला गेली, ती ही सुशीही घेऊन गेली. तिकडे ती अजून खातात.

आपल्याकडे सुशी म्हणजे कच्चा मासा अशी समजूत आहे. खरे तर सुशी म्हणजे आंबट भात. मासा हा त्याच्यावर बसलेला पाहुणा. हे मला आमच्या विहीणबाईंनी, म्हणजे भाचीच्या सासूबाईंनी, एका शब्दाशिवाय समजावून दिले. रविवारी त्यांनी सुशीचा घाट घातला. लाकडी परातीत गरम भात ओतला, त्यावर सिर्का, साखर आणि मीठ यांचे पाणी शिंपडले, आणि उलथन्याने तो कालविण्याऐवजी कापीत गेल्या, शीत मोडू नये म्हणून. भाचीच्या हातात पंखा दिला होता. एक दाणा परातीबाहेर पडला, तो विहीणबाईंनी बोटाने टिपून तोंडात टाकला.

त्या एका दाण्यामागे केवढा इतिहास आहे! या बेटावर भातशेतीला जागा थोडी. येथली माणसे रताळी आणि अळकुड्यांवर जगली. राजाचा सारासुद्धा तांदळात नव्हे, तर किहाचिजो या पिवळ्या रेशमी कापडात भरला जाई. १६०० सालच्या सेकिगाहाराच्या लढाईत हरलेला उकिता हिदेइए हा सरदार १६०६ मध्ये येथे हद्दपार होऊन आला आणि १६५५ मध्ये येथेच मेला. त्याच्या बायकोच्या माहेरचे माएदा घराणे पुढे कित्येक पिढ्या त्याच्या वंशजांना तांदूळ पाठवीत राहिले. असे सांगतात की, अधिकाऱ्याच्या घरी जेवायला बोलाविल्यावर या सरदाराने भाताचा एकच मुटका खाल्ला आणि उरलेले मुलांसाठी फडक्यात बांधून नेले. बेटावर समुद्रातल्या गोल गोट्यांच्या सुंदर भिंती आहेत. एक गोटा वाहून आणला की कैद्याला एक भाताचा मुटका मिळे, अशी त्यांच्याविषयी आख्यायिका. त्या भिंतींवरून हात फिरविताना मला गोटे मोजायचे धैर्य झाले नाही.

भाताला वारा घालणे चालू असतानाच ताईचा फोन आला. भाची तिकडूनच ओरडली, "आईला सांग, मागून करते. आत्ता हात सोडता येत नाही, भात चिकट होईल!" मी तसे सांगितले. ताई क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "बरं, करू दे."

मी निघाले त्या दिवशी बोटीचे बंदर अजून जाहीर व्हायचे होते. भाचीने खिडकी उघडून बाहेर पाहिले आणि म्हणाली, "ईशान्येचा वारा आहे. मावशी, आज याएने." थोड्या वेळाने गावच्या ध्वनिक्षेपकावरून तेच सांगितले गेले, तोवर जावईबापूंनी माझे सामान गाडीत टाकलेसुद्धा होते.

विहीणबाईंनी एक डबा हातात दिला. मुरलेला मासा प्रवासात टिकतो. बेट दिसेनासे झाल्यावर मी डेकवर बसून तो उघडला. आत आठ घास होते. सहा एका मापाचे, कडा आखल्यासारख्या. दोन जरा मोठे, एका अंगाला कललेले. ते दोन मी आधी खाल्ले. त्यांत मोहरी अंमळ जास्तच होती.