सोलापुरात लोकर कशाला?

हाताने विणलेलं ब्लँकेट हे विकतच्या चादरीपेक्षा मोठं दान, असं मी बरीच वर्षं मानत आले आणि भिशीतल्या मैत्रिणींनाही पटवत आले. आता तसं वाटत नाही. क्रोशा सोडलेला नाही, सोडणारही नाही. फक्त त्याला दान म्हणणं सोडलंय. हे बोलून दाखवल्यापासून गटातल्या दोघी माझ्याशी जरा फटकून आहेत, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आमची पद्धत अशी. प्रत्येकीने एक पट्टी करायची, आठ इंच रुंद आणि पाच फूट लांब. साखळी घालायची, वर खांबांच्या ओळी, चार ओळी झाल्या की रंग बदलायचा. स्वेटर विणून उरलेले लोकरीचे गुंडे घरोघरी पडलेले असतात, रंगीत पट्ट्यांमध्ये ते बिनबोभाट खपतात. अशा सहा पट्ट्या मुक्या खांबाने जोडल्या की एका माणसाचं ब्लँकेट. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल. कुणाची पट्टी सात इंचांत आटपते, कुणाची नऊवर जाते, आणि जोडायला बसलं की कडेला चुण्या पडतात. जोडायचं काम माझ्याकडे असे, त्यामुळे कुणाचा हात कसा हे मला त्यांच्या सुनांपेक्षा जास्त ठाऊक.

मला हुरूप आला तो २०१६ मध्ये. त्या जानेवारीत चेन्नईला सुबश्री नटराजन यांच्या ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट जोडून गिनेस विक्रम केला. ठिकठिकाणच्या बायकांनी घरी बसून विणलेले तुकडे एकत्र आले, आणि विक्रमानंतर त्यांची पांघरुणं गरजूंना वाटली गेली. पुढे वाचनात आलं की अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या ईव्ही रोझेन यांनी १९९१ मध्येच असा उपक्रम सुरू केला होता. सात बाय नऊ इंचांचे ४९ तुकडे, त्यांचं एक ब्लँकेट. मला वाटलं, हे आपल्याकडे का नको?

विस्कॉन्सिनमध्ये तळी गोठतात. सोलापुरात पारा मे महिन्यात ४३-४४ वर जातो आणि थंडी म्हणजे मार्गशीर्ष-पौषातल्या पहाटा. हा फरक मला कळत नव्हता असं नाही, पण लोकरीच्या नादात तो बाजूला राहिला. शिवाय पट्ट्या गोळा होऊन, जोडून, कडा करून हातात ब्लँकेट येईपर्यंत संक्रांतीच्या यात्रेचा गड्डाही उठलेला असायचा. फेब्रुवारीत, फॅन लावून बसलेल्या माणसांना आम्ही लोकरीची ब्लँकेटं दिली आहेत आणि त्यांनी ती हसून घेतली आहेत.

कुंभारीच्या विडी घरकुलात मात्र एक बाई स्पष्ट बोलली. गोदूताई परुळेकरांच्या नावाची ती दहा हजार घरांची वसाहत. दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘‘छान हाय ओ मॅडम. पण धुतलं की जड होतंय बगा, पिळायला येत नाही. आन् ह्या भोकातून गार लागतंय. चादर असती तर थंडीत पांघरलं असतं, उन्हाळ्यात खाली घातलं असतं.’’ तिचा नवरा यंत्रमागावर होता आणि त्या आठवड्यात माग बंद होता. मला राग आला, हेही सांगते. घरी येऊन मी ब्लँकेट खिडकीशी धरून बघितलं. खांबाखांबांमधून पलीकडचं सगळं दिसत होतं.

मग हिशेब केला. उरलेल्या गुंड्यांवर भागत नाही, निम्मी लोकर विकत आणावी लागते. एका ब्लँकेटला सव्वा-दीड किलो. एवढी सगळी विकत घ्यायची तर त्या पैशात दोन सोलापुरी चादरी येतात. आणि ‘लोकर’ म्हणतो ती बहुतेक ॲक्रिलिक, लुधियानाकडून आलेली. भौगोलिक मानांकन मिळालेली चादर ज्या गावात विणली जाते, जिथला यंत्रमागवाला पानिपतच्या स्वस्त नकलेने गांजलेला आहे, तिथे आम्ही परगावची लोकर आणून विणकराच्याच घरात पांघरूण वाटायला निघालो होतो.

याच सुमारास नरसापूरच्या लेसवाल्या बायकांवरचं मारिया मीस यांचं १९८२चं पुस्तक हाती पडलं. आंध्रातल्या त्या बायका दिवसचे दिवस क्रोशाची लेस करतात, ती परदेशी जाते, पैसा व्यापारी मिळवतात. बायकांना मात्र नाममात्र मजुरी, कारण त्या ‘घरीच बसून फावल्या वेळात’ करतात असं सगळे धरून चालतात. मला ते झोंबलं. क्रोशाचं खरं काम यंत्राला आजही जमत नाही. जॅकार्डच्या मागावर काय वाटेल ती नक्षी उतरवणाऱ्या गावात मी त्याच गोष्टीचा तोरा मिरवत होते. आणि तेच काम फुकट वाटून, त्याला मोल नसतं हेही मीच सांगत होते.

आता आम्ही पांघरुणासाठी वर्गणी काढतो आणि दिवाळी झाली की शहराच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यातून चादरी उचलतो. थंडीच्या आधी वाटून होतात. ज्या दोघी फटकून आहेत त्यांचं म्हणणं, ‘‘पैसे काय कुणीही देईल, मग आपण कशाला?’’ यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. वर्गणीच्या बैठकीला निम्म्या जणी येत नाहीत, पट्ट्या जोडायच्या दुपारी मात्र घर भरलेलं असे, हे खरंच आहे.

म्हणून पट्ट्या चालू ठेवल्यात. सुती दोऱ्याच्या, नुसत्या मुक्या खांबाच्या, म्हणजे भोकं पडत नाहीत. सहाऐवजी तीन जोडायच्या, की बाळापुरतं दुपटं. ही दुपटी वाटायची नाहीत, संक्रांतीच्या प्रदर्शनात विकायची आणि येतील ते पैसे चादरींना. किंमत लावायला बसलो तेव्हा मी दोऱ्याच्या खर्चापुढे तासांचा रकाना आखला. आमच्यातली सगळ्यात सफाईदार हाताची बाई म्हणाली, ‘‘तासांचे कसले पैसे? मालिका बघता बघता तर विणते मी.’’ बाकीच्यांनी माना डोलावल्या. गेल्या संक्रांतीला दुपटी दोऱ्याच्या दुप्पट भावाने गेली, तासांचे काही धरले नाहीत. यंदा धरायचेत, आणि त्यावरून आमचं आत्ताच वाजलं आहे.