पेन का थांबलं?

पुणे,
१२ मार्च २०२४

प्रिय सुधाकर,


तुझं पत्र परवा आलं. निवृत्तीला तीन महिने झाले तरी साडेनऊ वाजले की पाय आपोआप चपलांकडे जातात, हे वाचून आधी हसले. पुढचं वाक्य वाचल्यावर हसू गेलं. शेवटी विचारलंयस, "अक्का, तू आंधळ्या मुलांचे पेपर लिहायला जातेस, त्यातून तुला नेमकं काय मिळतं?" शोभतोस खरा बँकेतला! ठेव ठेवण्याआधी व्याजाचा दर हवा.

खरं सांगते, मी काही मिळवायला गेले नव्हते. शेजारच्या वहिनींचा पाय मुरगळला, म्हणून त्यांच्या जागी गेले. तेव्हा कळलं की केंद्र सरकारच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला लागतो. मुलगी बी.ए.ची, मी बारावी. माझं शिक्षण थांबलं आणि तुझी फी भरली गेली, यावरून मी किती वर्षं धुसफुसले, ते तुला माहीत आहे. त्या दिवशी तेच अर्धवट शिक्षण माझी पात्रता ठरलं. केंद्रावरच्या बाईंनी माझं बारावीचं प्रमाणपत्र पाहून "चालेल" म्हटलं, तेव्हा हसावं की रडावं कळेना.

तीन तासांचा पेपर, तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे सलग चार तास. ती सांगणार, मी लिहिणार. पहिल्याच पेपरात तिने एक सन चुकीचा सांगितला. मला बरोबर सन माहीत होता. बोलले काही नाही, फक्त पेन जरासं थांबलं. लगेच तिचा आवाज, "काकू, पेन का थांबलं?" कागदावरची खरखर ऐकते रे ती! मी गप्प. तीही क्षणभर गप्प. मग म्हणाली, "मी सांगितला तोच सन लिहा." चूक तिला कळली होती, पण माझ्याकडून कळली होती, म्हणून तिने ती तशीच ठेवली. एक गुण गेला असेल. मला मात्र रात्री झोप आली नाही. तिला मदत करायच्या हौसेत मी तिच्या पेपरात घुसले होते. आता माझं पेन चुकीच्या उत्तरालाही त्याच लयीत चालतं. घरात सगळ्यांना दुरुस्त करत आयुष्य गेलेल्या बाईला हे किती जड जातं, ते तुझ्या मेहुण्यांना विचार!

तू लिहितोस, बाबा आमट्यांसारखं आपल्याला कुठे जमणार. अरे, त्यांचीही सुरुवात पळण्यापासून झाली. वरोऱ्यात भर पावसात पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी पाहून हा बेडर वकील घाबरून पळाला. मग स्वतःच्या भीतीनेच त्यांना स्वस्थ बसू दिलं नाही. परत गेले आणि त्याची शुश्रूषा केली. १९५१ मध्ये आनंदवन सुरू झालं ते सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्यावर. भाषणांत लोक ते पळणं घाईघाईने उरकतात. मला तेच सगळ्यात जवळचं वाटतं.

तुला मात्र लेखनिक होता येणार नाही. एम.कॉम. आहेस ना! पण वाचता येईल. या मुलांना अभ्यासाची पुस्तकं मोबाइलवर रेकॉर्ड करून लागतात. सगळीच काही ब्रेलमध्ये मिळत नाहीत. पानाचा आकडा सांगायचा, परदेशी नावांचं स्पेलिंग सांगायचं, तक्ता ओळीओळीने वाचायचा. चित्र आलं तर त्यात काय दिसतं तेवढं सांगायचं, तुला काय वाटतं ते नाही. आणि नाट्यवाचन नको. ती पोरगी दीडपट वेग करून ऐकते, तुझा आवाज तिला उंदरासारखाच ऐकू येणार.

इतिहासाचं पुस्तक उद्या कुरियरने पाठवते. पहिलं प्रकरण तिला वीस तारखेच्या आत हवंय. दुपारी वाच, तेव्हा भाजीवाले ओरडत नाहीत. पंखा बंद ठेव. आणि "अर्थात" म्हणताना शेवटचा त गिळतोस, तेवढं सांभाळ.

तुझी,
अक्का