शब्द पाळला, पण न पाळला असता तर?

भाईंदर सोडून गाडी खाडीपुलावर आली की मला हमखास वसईचा किल्ला आठवतो. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकला, हे शाळेत शिकतोच. पण मला त्यापुढची गोष्ट जास्त भारी वाटते. वेढ्यात मराठ्यांची हजारो माणसं पडली होती, तरी शरण आलेल्या पोर्तुगीजांना हत्यारांनिशी, मानाने बाहेर पडू दिलं. मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळायची मुभा दिली. तेव्हा ना जिनिव्हा करार होते, ना हेगचं कोर्ट. शब्द मोडला असता तर दाद कुणाकडे मागणार?

आज कायदा आहे. जिनिव्हा करारांसाठी आपल्याकडे १९६० चा कायदा आहे. युद्धकैद्याला जाणूनबुजून मारलं, तर फाशी किंवा जन्मठेप. पण गंमत बघा, त्या कायद्याखाली सरकारने तक्रार केल्याशिवाय कोर्ट दखलच घेऊ शकत नाही! हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय २००२ मध्ये सुरू झालं, त्यातही भारत नाही. म्हणजे आमच्या भाषेत, ज्याच्या कोडमध्ये बग, तो नोंदवायचा हक्कही त्यालाच.

अप्पांनी शब्द पाळला. पण प्रत्येक विजेता चिमाजी अप्पा नसतो. कायदा लागतो तो इतरांसाठीच ना?