दारात कोण येईल?

चि. सोनूस,


परवा फोनवर तू विचारलंस आणि मला उत्तर सुचलं नाही. छकुलीला पुढच्या आठवड्यात नऊ महिने पुरे होतायत, गोवर-रुबेलाच्या लशीची वेळ आलीय, म्हणून मी सहज आठवण केली होती. तू म्हणालीस, "मावशी, लशीशी माझं वैर नाही गं. पण ज्या पुढाऱ्यांच्या एका शब्दावर माझा भरवसा नाही, त्यांनीच पाठवलेली सुई मी डोळे मिटून पोरीला कशी टोचू देऊ? उद्या तिला काही झालं तर यांतला एक तरी दारात येईल का?"

बत्तीस वर्षं मी नर्सबाई म्हणून खांद्याला व्हॅक्सिन कॅरिअर अडकवून लोकांची दारं वाजवली. आणि घरच्या पोरीपुढे 'बघू, बोलू' म्हणत फोन ठेवला. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणून हे पत्र.

आधी कबूल करते. नाही येणार. मंत्री येणार नाही, आमदार येणार नाही. आलाच तर फोटोवाला बरोबर घेऊन येईल. तेव्हा 'सरकारवर विश्वास ठेव' असलं काही मी तुला सांगणार नाही.

तुझी शंका तुझ्या एकटीची नाही आणि आजचीही नाही. तू राहतेस त्याच पुण्यात १८९७ साली प्लेग आला. प्लेगच्या बंदोबस्तावर नेमलेल्या रँडसाहेबाचे गोरे सोजीर बुटांसकट देवघरापर्यंत शिरले. आजारी माणसं उचलून नेली, सामानसुमान जाळलं. हे सगळं साथ आटोक्यात आणण्यासाठीच चाललं होतं. पण लोकांना प्लेगापेक्षा सोजिरांची धास्ती जास्त वाटू लागली आणि घरातला रोगी दडवून ठेवायची पाळी आली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी, त्याच साथीत सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या पोराला पाठीवर घेतलं आणि आपल्या मुलाच्या, यशवंताच्या दवाखान्यात आणलं. रोग त्यांनाही जडला, १० मार्चला त्या गेल्या. गाव एक, रोग एक. कुणी उंबरा ओलांडून आत घुसलं, कुणी पोर पाठीवर घेतलं. आरोग्याच्या कामात हे दोन रस्ते तेव्हापासून आहेत आणि आम्ही सरकारी माणसं कधी ह्या रस्त्यानं गेलो, कधी त्या.

मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक तर आपल्याच विधिमंडळानं १९७६ मध्ये मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. तुझे आजोबा सांगायचे, सरकारी जीपचा धुरळा दिसला की बाप्ये ज्वारीत शिरायचे. पुढं वीसेक वर्षांनी, डिसेंबर १९९५ पासून, आम्ही पोलिओचे थेंब घेऊन निघालो, तेव्हा 'यानं पोरांना पुढं मूलबाळ होत नाही' अशी आवई उठली. आम्ही आपसांत म्हणायचो, काय अडाणी लोक आहेत! अडाणी नव्हते गं ते. त्यांची आठवण पक्की होती. आरोग्याच्या नावानं सरकार मागं एकदा दारात आलं होतं, तेव्हा काय घेऊन गेलं, ते विसरले नव्हते.

त्या दिवसांतली एक बाई माझ्या मनातून जात नाही. यंत्रमागांच्या गावातली वस्ती. रविवारी बूथवर न आलेल्या पोरांसाठी आम्ही सोमवारपासून घरोघर जायचो, करंगळीच्या नखावर शाई आहे का बघायचो आणि दारावर खडूनं खूण करायचो. तिनं दार अर्धंच उघडलं. पोराला मागं सारून म्हणाली, "नळासाठी तीन वर्षं अर्ज करतेय, कुणी फिरकलं नाही. गटार तुंबलंय, कुणी बघत नाही. आणि हे थेंब मात्र फुकट, वरचेवर, घरपोच! यात तुमचं काय आहे?"

सोनू, इतका बिनतोड प्रश्न मला बत्तीस वर्षांत एकाही साहेबानं विचारला नाही. खरं उत्तर असं होतं की पोलिओ एका घरात उरला तर तो देशात उरतो. म्हणून तिच्या दारात येणं सरकारला भागच होतं. नळ तिच्या एकटीच्या घरचा, त्यावाचून सरकारचं काही अडत नव्हतं. हे मी तिला कोणत्या तोंडानं सांगणार? दोन दिवसांनी मी पुन्हा गेले, थेंब न घेता. पोराचं वजन केलं, तिच्या सासूच्या पायाच्या जखमेला पट्टी बांधली. चौथ्या खेपेला तिनं आपणहून पोराला पुढं केलं. थेंब पाजून होताच म्हणाली, "आता नळाचं सांगा तुमच्या साहेबाला." मी सांगितलं. माझी बदली होईपर्यंत तरी तो नळ आला नव्हता.

पोलिओ मात्र गेला. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्याचे फलक लागले, भाषणं झाली. मला त्या दिवशी ती बाई आठवली. सरकारनं तिचं काही ऐकलं नव्हतं, तरी तिनं आपलं पोर पुढं केलं होतं.

आणि हे आता सांगतेय ते मी तुझ्या काकांनाही कधी सांगितलं नाही. एका वस्तीत उद्दिष्ट पुरं होत नव्हतं, वरून रोज विचारणा व्हायची. शेवटी एका आईला मी खोटंच म्हणाले, "डोस दिला नाहीस तर रेशनकार्डावरचं नाव कटेल." ती डोळे पुसत पोराला घेऊन आली. माझ्या रजिस्टरात बरोबरची खूण झाली. पुढच्या सत्राला त्या अख्ख्या गल्लीतून एकही आई आली नाही. मी सोजिरांच्या रस्त्यानं गेले होते, फक्त पायात बूट नव्हते.

आता तुझ्या पुढाऱ्यांकडे वळते. त्यांच्याकडं बघून लशीचा निवाडा करायचा, हा खेळ इंग्लंडात फार महागात पडला. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड नावाच्या डॉक्टरनं अवघ्या १२ मुलांवरच्या निरीक्षणातून एम.एम.आर. (गोवर-गालगुंड-रुबेला) लशीचा संबंध ऑटिझमशी जोडला. आईबाप हवालदिल झाले. डिसेंबर २००१ मध्ये लोकांनी पंतप्रधान टोनी ब्लेअरना विचारलं, तुमच्या लिओला तुम्ही ही लस दिलीत का? पोर दीड वर्षाचं. 'लस सुरक्षित आहे' असं त्यांचंच सरकार सांगत होतं. पण आमचं घर ही आमची खासगी बाब, असं म्हणून ब्लेअरनी उत्तर टाळलं. लोकांनी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावायचा तो लावलाच. आधीच घसरू लागलेलं लसीकरणाचं प्रमाण २००३-०४ पर्यंत ८० टक्क्यांवर आलं. लिओला लस दिली होती, हे ब्लेअरबाईंच्या आत्मचरित्रातून उघड झालं २००८ मध्ये. त्याच वर्षी तिथं गोवरानं पुन्हा बस्तान बसवल्याचं जाहीर झालं. वेकफील्डचा लेख २०१० मध्ये रद्द झाला आणि डॉक्टरकीही काढून घेतली गेली, पण तोवर बारा वर्षं उलटली होती.

आपल्याकडं काय वेगळं झालं? कोव्हिडच्या लशीच्या प्रमाणपत्रावर पंतप्रधानांचा फोटो आला. इकडं अखिलेश यादवांनी जानेवारी २०२१ मध्ये ती भाजपची लस ठरवून नाकारली आणि जूनमध्ये घेणार म्हणून सांगितलं. एकानं लशीवर चेहरा चिकटवला, दुसऱ्यानं झेंडा. कुपीत मात्र चेहराही नसतो आणि झेंडाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, बाळा. तो पुढारी म्हणतो म्हणून टोचून घेतलं तर निर्णय त्याचा. तो म्हणतो म्हणून टोचलं नाही, तरी निर्णय त्याचाच. ज्याला तू घराच्या पायरीवर उभं करणार नाहीस, त्याच्या हातात छकुलीचा दंड कशाला देतेस?

मग भरवसा कशावर ठेवायचा? जे तपासता येतं त्यावर. मुंबईत प्लेगाची लस तयार झाली तेव्हा ती बनवणाऱ्या हाफकिनसाहेबानं १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण त्याचं धाडस हा काही पुरावा नव्हे. पुरावा पुढं मोजदादीतून मिळाला. आणि १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला एका बाटलीतून लस दिलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली, तेव्हा त्याच हाफकिनला निलंबित केलं गेलं. दोष त्याच्या प्रयोगशाळेचा नव्हता हे सिद्ध व्हायला १९०७ उजाडलं. एम.एम.आर.चंही तसंच. वेकफील्डची मुलं १२. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी वर्षानुवर्षं तपासल्या, ते निष्कर्ष २०१९ मध्ये आले: लस घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त आढळला नाही. तुझ्या ग्रुपवर लशीविरुद्धचा निरोप आला की हे बारा आणि साडेसहा लाख शेजारी शेजारी ठेवून बघ.

चुका होतच नाहीत, असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. नशिबानं मुलं वाचली. जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या रामदुर्ग तालुक्यात याच गोवर-रुबेलाच्या लशीनंतर तीन बालकं गेली. लशीच्या हाताळणीत हलगर्जी झाल्याचं प्राथमिक चौकशीत दिसलं. वाचलं तेव्हा माझे हात गार पडले. कारण लस चांगली असून भागत नाही, ती देणारा हातही जागा लागतो. आणि हात जागा आहे का, हे आईला बघता येतं.

म्हणून तू जा आणि बघ. नर्सताईला कुपी दाखवायला सांग. तिच्या टोपणावर गोल आहे, गोलात चौकोन आहे. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस उष्णतेनं खराब झालेली नाही. रंग सारखा झाला असेल किंवा चौकोन गडद असेल तर नको म्हण. ही लस पावडरीच्या रूपात येते, द्राव घालून बनवावी लागते आणि बनवल्यापासून चार तासांत संपली नाही तर फेकावी लागते. कुपी किती वाजता फोडली ते विचार, वेळ लिहिलेली असायला हवी. सिरिंज तुझ्यासमोर पाकिटातून काढायला लाव. चांगल्या नर्सला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट पाठीमागच्या बाया कान देऊन ऐकतात, ते तिला हवंच असतं. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं. आणि सहा ते बारा दिवसांनी थोडा ताप किंवा अंगावर बारीक पुरळ आलं तर घाबरू नकोस, काहींना येतं. जास्त वाटलं तर डॉक्टरांना दाखव.

उरला तुझा प्रश्न. तो तू लशीच्या बाजूनंच विचारलास, गोवराच्या बाजूनंही विचार. आईकडून मिळालेलं संरक्षण नवव्या महिन्याच्या सुमारास ओसरत जातं. गोवराचा एक रोगी, आजूबाजूला कुणालाच संरक्षण नसेल तर, बारा ते अठरा जणांना रोग देतो. खोलीतून माणूस निघून गेला तरी हवेत विषाणू दोन तासांपर्यंत राहतो. आपण त्याला 'अंगावर आलंय' म्हणतो, कडुलिंबाचा पाला ठेवतो, पण तो फुप्फुसात उतरतो, क्वचित मेंदूत जातो आणि आधी झालेल्या आजारांविरुद्ध शरीरानं शिकलेलं पुसून टाकतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीपासून साथ पसरली, लस न मिळालेली पोरं गेली. लस चुकली कशानं? कोव्हिडमध्ये सत्रं बंद पडली, माणसं गावी गेली-आली, काहींच्या मनात धास्ती होती. त्या घरांच्या दारात तरी कोण आलं? ताप असलेली पोरं शोधत आशाताई आल्या, नर्सबाया आल्या. ज्यांचा चेहरा कुठल्या फलकावर नसतो आणि ज्यांचं मानधनही वेळेवर येत नाही, त्या.

तेव्हा राग सोडू नकोस. तो नेमका जिथं लागू पडेल तिथं ने. लस टोचल्यावर अर्धा तास तुला तिथं बसायचंच आहे. बघ, आयांना बसायला बाकडं आहे का, पंखा फिरतो का, प्यायला पाणी आहे का, एका नर्सच्या अंगावर किती वस्त्यांचं काम आहे. पिशवीत कागद-पेन ठेव आणि नसेल त्याचा अर्ज तिथंच लिही, तुझ्या नगरसेवकाच्या नावानं. पोच घे. पंधरा दिवसांनी पुन्हा जा. दारात कोण येईल याची वाट बघत बसू नकोस. तू त्यांच्या दारात जा. त्या बाईनं मला तेच शिकवलं होतं. पोराचे थेंब घेतले, पण नळ काही सोडला नाही.

गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं मी येतेय. छकुलीला मांडीवर मी धरीन, उजवा दंड नर्सताईकडे करून. अर्ज तू लिही.

तुझी,
मावशी