वाक्याबाहेरचे शब्द

अय्या, अबब, अरेरे, छे, शी, हुश्श. शाळेच्या व्याकरणात या सगळ्यांचं नाव एकच, केवलप्रयोगी अव्यय. परीक्षेत जोड्या लावायला येतात: हर्षदर्शक, शोकदर्शक, तिरस्कारदर्शक. मनातली भावना सांगतात, पण वाक्याशी त्यांचा व्याकरणाचा संबंध नसतो. 'अरेरे, बस चुकली' यातलं 'अरेरे' काढून टाका, वाक्याला काही होत नाही.

माझ्या आजीला चौऱ्याहत्तराव्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाक्यंही गेली. समोरच्याचं सगळं कळायचं, पण 'पाणी' म्हणता येईना, माझं नाव घेता येईना. तिसऱ्या आठवड्यात आईच्या हातून वाटी निसटली आणि आजी खणखणीत म्हणाली, "अगं बाई!" आम्ही धावत गेलो. "पुन्हा म्हण ना," म्हटलं, तर ओठ नुसते हलले.

डॉक्टरांना नवल वाटलं नाही. याला अफेजिया म्हणतात. त्यात ठरवून बोलणं अडतं, पण उद्गार, शिव्या, पाठ असलेली प्रार्थना पुष्कळदा शाबूत राहते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी तपासलेला एक रुग्ण कशालाही 'टॅन' एवढंच उत्तर द्यायचा. फार चिडला, की मात्र तोंडून अख्खी शिवी निघायची.

पुढची दोन वर्षं आजीने 'अगं बाई' आणि 'हं' यांवर काढली. लांबवून म्हटलं, की नातवाचं कौतुक. तुटक म्हटलं, की चहात साखर कमी. अगदी हळू म्हटलं, की कुणीतरी गेल्याची बातमी पोचली. भेटायला येणारे तिच्यादेखत विचारायचे, "यांना काही कळतं का हो?" त्यावर तिचं 'अगं बाई' असं यायचं, की विचारणारा खुर्चीत सावरून बसायचा. आई तर तिच्याशी तासभर भांडायचीसुद्धा.

आपण चॅटवर 'अय्या' लिहितो आणि पुढे पाच उद्गारचिन्हं ठोकतो, कारण सूर टाइप करता येत नाही. आजीचं सगळं बोलणं त्या सुरातच होतं. तिची दहा 'अगं बाई' मला आजही वेगवेगळी ऐकू येतात. इथे लिहून दाखवावीत, तर दहाही सारखीच दिसतात.